आमची वाटचाल: इंदूरचा उन्हाळा आणि जर्मेनियमचा फझ

आम्ही इंदूरला गिटारसाठी फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज जाड आणि खरखरीत करणारी पायाशी ठेवायची डबी, हाताने बनवतो. पण आमचा बराचसा दिवस पेडल जोडण्यात जात नाही, ट्रान्झिस्टर निवडण्यात जातो. फझ फेस या जुन्या पेडलच्या घराण्यातलं सर्किट उघडून बघा: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (बाहेरून फिरवायचे रेझिस्टर). एवढाच संसार. नकाशा जगजाहीर आहे, त्यात आमचं गुपित असं काही नाही. तरीही एकाच नकाशावरची दोन पेडलं शेजारी ठेवून वाजवली तर एक गातं आणि दुसरं नुसतं खरखरतं. हा फरक त्या दोन ट्रान्झिस्टरमध्ये असतो, आणि आमचा सगळा धंदा त्या फरकावर उभा आहे.

रामबागेत दादाचं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं. मी पिथमपूरच्या एका कारखान्यात टेस्टिंगला होतो, सुट्टीच्या दिवशी दुकानात बसायचो. गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रावाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला येत, त्यांच्यामागे गिटार वाजवणारी मुलंही येत. त्यातल्या एकाने कुणाकडून तरी मिळालेलं एक जुनं परदेशी फझ पेडल आणलं. दादाने झाकण काढलं, आतला धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर भिंगाखाली धरला आणि म्हणाला, "अरे, हा तर एसी१२८! आपल्या डब्यात पडलेत की हे." जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या आउटपुटला एसी१२७ आणि एसी१२८ अशी जोडी असायची. दादाने भंगारातल्या रेडिओंमधून काढलेले असे ट्रान्झिस्टर बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवले होते. आमचं भांडवल म्हणाल तर ते डबे.

थोडा इतिहास सांगतो, कारण गिऱ्हाईक विचारतात. बाजारात आलेलं पहिलं फझ पेडल म्हणजे १९६२ सालचं मायस्ट्रो फझ-टोन. त्यात तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते, म्हणजे जर्मेनियम या मूलद्रव्यापासून बनवलेले. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बायटर कंपनीने गोल तव्याच्या आकाराचा फझ फेस काढला. त्यात आधी एनकेटी२७५ आणि एसी१२८ असे जर्मेनियम होते, पुढे बीसी१०८ आणि बीसी१८३ हे सिलिकॉन आले. जिमी हेंड्रिक्सने दोन्ही प्रकार वाजवले. जर्मेनियमची खासियत अशी की गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की फझ विरत जातो आणि स्वच्छ, काचेसारखा आवाज राहतो. बोटांचा जोर ओळखणारं पेडल हवं असेल तर माझ्या मते आजही याला तोड नाही.

आता मोजमापाकडे येतो. इथे खरी सूत्रं वहिनींच्या हाती आहेत. वहिनी होळकर सायन्स कॉलेजच्या फिजिक्सच्या पदवीधर. दादा आणि मी साध्या मल्टिमीटरच्या भोकात ट्रान्झिस्टर खोचून गेन वाचत होतो, म्हणजे बेस या पायात दिलेला बारीक करंट कलेक्टर या पायात किती पटीने वाढतो तो आकडा. वहिनींनी विचारलं, "बेस मोकळा ठेवला तर करंट शून्य येतो का?" येत नाही. जर्मेनियममधून बेसला काहीही न देता करंट झिरपत राहतो. हे लीकेज साधा मीटर गेनमध्येच धरतो आणि आकडा फुगवून दाखवतो.

म्हणून आमच्या टेबलावर एक छोटी जोडणी कायमची बसवलेली आहे. ९ व्होल्टची बॅटरी, कलेक्टरला २.२ किलोओहम आणि २७० ओहम एकापुढे एक, म्हणजे २.४७ किलोओहम, बेसला एका बटनातून २.२ मेगाओहम. ट्रान्झिस्टर लावायचा, बटन न दाबता कलेक्टरच्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज वाचायचा. हे झालं लीकेज. मग बटन दाबायचं. बेसमध्ये साधारण ४ मायक्रोअँपिअर जातात आणि व्होल्टेज चढतो. दोन आकड्यांतला फरक शंभराने गुणला की खरा गेन. समजा आधी ०.२५ व्होल्ट आले आणि बटन दाबल्यावर १.१० आले. साध्या मीटरने हा ट्रान्झिस्टर ११० च्या आसपास सांगितला असता. खरा गेन ८५, आणि लीकेज १०० मायक्रोअँपिअर. दोन ओळींचा हिशेब, पण याच्यामुळे आमच्या डब्यातला निम्म्याहून जास्त माल बाजूला निघाला.

वहिनींचा एक दंडक आहे: ट्रान्झिस्टर चिमट्याने लावायचा, आणि चुकून बोट लागलं तर दोन मिनिटं थांबून मगच वाचायचं. बोटाच्या उबेनेसुद्धा मीटरवरचा आकडा चढताना डोळ्यांना दिसतो. वाचून झालं की प्रत्येक ट्रान्झिस्टर आपल्या छोट्या पाकिटात जातो. पाकिटावर पेन्सिलीने गेन, लीकेज आणि खोलीचं तापमान. तापमान लिहिल्याशिवाय पाकीट बंद होत नाही.

पहिल्या जागेवर आम्ही ७० ते ८० गेनचा ट्रान्झिस्टर घेतो, दुसऱ्या जागेवर ११० ते १३० चा. दोन्हीकडे गेन फार झाला तर आवाज कर्कश होतो, कमी पडला तर फझ पातळ लागतो. पण गेनपेक्षा जास्त जपावं लागतं ते पहिल्याचं लीकेज. पहिल्याच्या कलेक्टरवर ३३ किलोओहम असतो, म्हणजे त्यातून जेमतेम पाव मिलीअँपिअर वाहतो, २५० मायक्रोअँपिअर. त्यातले दोनशे जर गळतीनेच खाल्ले तर ट्रान्झिस्टरला काम करायला उरतं काय? म्हणून पहिल्या जागेसाठी आम्ही २५ अंशांवर ५० मायक्रोअँपिअरच्या आतलेच घेतो. असे कमी निघतात. दुसऱ्याला शंभरापर्यंत चालवून घेतो.

मग बायस, म्हणजे स्वर वाजत नसताना ट्रान्झिस्टर किती व्होल्टवर बसतो ते. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर बॅटरीच्या निम्म्यावर, म्हणजे साडेचार व्होल्टच्या आसपास बसायला हवा. एसी१२८ पीएनपी, म्हणजे उलट्या ध्रुवाने चालणारा, असल्यामुळे प्रत्यक्षात हे सगळे आकडे उणे येतात. इथे चिन्ह सोडून लिहितो आहे. मूळ नकाशात तिथे ८.२ किलोओहम आणि ४७० ओहम आहेत. दर जोडीला तेच आकडे लावले तर कुठे तीन व्होल्ट येतात, कुठे सहा. म्हणून ८.२ च्या जागी आम्ही २० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने कमी-जास्त करायचा रेझिस्टर) लावतो, साडेचारवर आणतो, आणि तिथून मीटर बाजूला ठेवून कानाने फिरवतो. दादा सहाव्या तारेवर एक स्वर वाजवून तो विझेपर्यंत सोडून देतो. शेपटीला स्वर तुटत असेल तर बायस हलवायचा. शेवटपर्यंत गोलाई राहिली की थांबायचं. बहुतेक जोड्या चार आणि पाच व्होल्टच्या मध्ये कुठेतरी स्थिरावतात. सगळ्यात भरदार आवाज काही दर वेळी बरोब्बर मध्यावर मिळत नाही. एका बाजूची लहर जरा आधी कापली गेली तर कानाला ऊब जाणवते.

डाग देताना जर्मेनियमचे पाय लांब ठेवतो, त्यांवर स्लीव्ह चढवतो आणि पाय चिमट्याने धरूनच सोल्डर लावतो. सोल्डरिंग आयर्नची आच टोपीपर्यंत गेली तर पाकिटावरच्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

एवढं सगळं जमलं तरी इंदूरचा उन्हाळा उरतोच. दर १० अंशांना जर्मेनियमचं लीकेज साधारण दुप्पट होतं. २५ अंशांवर ८० मायक्रोअँपिअर गळणारा ट्रान्झिस्टर ३५ वर १६०, ४५ वर ३२० गळेल. मे महिन्यात शहराचा पारा चाळिशी ओलांडतो. उघड्या मंचावर, काळ्या धातूच्या डबीत, पायाशी ठेवलेल्या पेडलच्या आत काय होत असेल ते बघा. पहिला ट्रान्झिस्टर गळतीनेच भरून वाहतो, दुसरा उपाशी राहतो, त्याचा कलेक्टर साडेचारवरून सातकडे सरकतो आणि स्वर तुकड्यातुकड्यांनी येऊ लागतो. वादकाला वाटतं पेडल बिघडलं. बिघडलेलं काहीच नसतं. संध्याकाळी माळव्याची हवा सुटली की तेच पेडल पुन्हा सुरात येतं. थंड देशांत बसून लिहिलेल्या माहितीत हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो. आमच्यासाठी तो निम्मा धंदा आहे.

यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे प्रीसेटचं भोक डबीच्या बाजूला आणलं, म्हणजे झाकण न उघडता बारीक स्क्रूड्रायव्हरने बायस हलवता येतो. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मिश्र पेडल: पहिल्या जागेवर सिलिकॉन पीएनपी, बीसी५५७ च्या ए गटातला, आणि दुसऱ्या जागेवर एसी१२८. जिथली गळती सगळ्यात जास्त छळते तिथे गळतीच राहिली नाही. जर्मेनियमची गोलाई बरीचशी टिकते आणि भर दुपारीही पेडल जागचं हलत नाही. आमच्याकडे आज सगळ्यात जास्त मागणी याच पेडलला आहे.

सिलिकॉनचं पेडलही आम्ही तितक्याच मनापासून बनवतो. त्याला कमअस्सल म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. बीसी५४७ किंवा बीसी१०८ चे ए, बी, सी असे गट असतात: ए म्हणजे ११० ते २२०, बी २०० ते ४५०, सी ४२० ते ८००. आम्ही ए गटातले किंवा बी मधले खालचे निवडतो. सी गटाचा लावला तर शिट्टी सुटते, कधी मीडियम वेव्हवरचा रेडिओही ऐकू येतो. मग कलेक्टर आणि बेसमध्ये १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकावा लागतो. सिलिकॉनचा बेस ०.६ व्होल्टवर उघडतो, जर्मेनियमचा ०.२ च्या आसपास, त्यामुळे बायसची गणितं वेगळी पडतात आणि कलेक्टरचा रेझिस्टर आठ किलोओहमच्या खाली येतो.

धंदा वाढला तसं बाकीचं होत गेलं. डब्या सांवेर रोडवर पावडर कोटिंग करून घेतो. मी नोकरी सोडली, जीएसटीची नोंदणी झाली, पुणे, बडोदा, बेंगळुरूकडे कुरिअर जाऊ लागले. दादाचे डबे सरत आले तेव्हा बाहेरून माल मागवायला लागलो, आणि जुनी छपाई खरवडून नव्याने एनकेटी२७५ असं छापलेले ट्रान्झिस्टर बघायला मिळाले. म्हणून नाव बघून आम्ही भाव ठरवत नाही. वहिनींच्या टेबलावर आकडे चांगले आले तर सोव्हिएत काळातला एमपी४२ सुद्धा आनंदाने लावतो, आणि गिऱ्हाईकाला तसं स्पष्ट लिहून देतो.

प्रत्येक जर्मेनियम पेडलसोबत एक कार्ड जातं. त्यावर दोन्ही ट्रान्झिस्टरचा गेन, लीकेज, बायसचा व्होल्टेज आणि मोजताना किती अंश होते ते असतं. खाली दोन सूचना. बॅटरीचं धन टोक पेडलच्या ग्राउंडला जोडलेलं आहे, म्हणून इतर पेडलांसोबत एकाच ॲडॉप्टरवर लावू नका, शॉर्ट होईल. बॅटरी वापरा, करंट एक मिलीअँपिअरही लागत नाही, बॅटरी खूप चालते. आणि फझ गिटारला थेट जोडा, मध्ये बफर (गिटारच्या सिग्नलला बळ देणारं सर्किट) असलेलं पेडल आलं तर व्हॉल्यूम उतरवून आवाज स्वच्छ करण्याची मजा जाते.

निव्वळ जर्मेनियमच्या ऑर्डरी आम्ही वर्षभर घेतो, पण मे आणि जूनमध्ये त्यांचा बायस लावत नाही. पहिला चांगला पाऊस पडून खोली २५-२६ अंशांवर आली की पाकिटं बाहेर निघतात. तोवर थांबायची तयारी नसेल तर मिश्र पेडल आठवड्याभरात मिळू शकतं.