फेदरस्टोनहॉ आलेत का?

डोळ्यांच्या ओपीडीत नाव मोठ्यानं पुकारावंच लागतं. भिंतीवर स्क्रीन आहे, पण थेंब घालून बाहुल्या मोठ्या केलेल्या माणसाला ती धूसरच दिसणार. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून लागून मला तीनच आठवडे झाले होते. आपलं इंग्रजी बरं आहे, असा नाशिकहून निघतानाचा समज अजून शाबूत होता.

त्या सकाळी यादीत एक 16 अक्षरी आडनाव आलं. दम घेऊन पुकारलं, "मिस्टर फेदरस्टोनहॉ!" कुणी हललं नाही. आणखी दोनदा. मग त्यांचा कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला आणि पुढच्याला घेतलं.

तासाभरानं खिडकीजवळचे एक आजोबा खुर्च्यांचा आधार घेत आले. "माझा नंबर कधी?" नाव विचारलं, तर म्हणाले "फॅन्शॉ." यादीत फॅन्शॉ नव्हतं. तसं सांगितलं, वर 'तुमचा वार चुकला असेल' हेही ऐकवलं. जन्मतारीख जुळवली आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. ऐकायला कमी येत होतं त्यांना, डोळ्यांपुढे धुकं. कानात प्राण आणून बसले होते ते दोन तुकड्यांच्या हाकेसाठी आणि मी पुकारत होते चार तुकड्यांची.

रागावले नाहीत. डॉक्टरांच्या दाराशी बसल्या बसल्या मलाच समजावलं. त्यांचे पूर्वज नॉर्थम्बरलंडमधल्या फेदरस्टोनचे. यात पिसाचा काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीतला हा शब्द चार दगडांचा, म्हणजे उभ्या तीन शिळांवर आडवी चौथी. शेवटचं 'हॉ' म्हणजे नदीकाठची सपाट जमीन, आपली मळई. थोडक्यात, आजोबा चारदगडमळईकर! आपल्या 'कर'वाल्यांसारखंच गावावरून पडलेलं नाव. बोलताना जिभेनं मधली अक्षरं गिळली, कागदानं मात्र एकही सोडलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ही फजिती सगळ्यांना कळली होती. सिस्टरनं हसत हसत उजळणीच घेतली: चोल्मोंडेली दिसतं ते चमली, मेनवेअरिंग दिसतं ते मॅनरिंग, सेंट जॉन कधीकधी सिंजन. ब्यूशांप दिसतं ते बीचम. हे नॉर्मन लोकांबरोबर आलेलं फ्रेंच नाव, अर्थ 'सुंदर शेत'. पण मला खिळवलं ते आमच्या स्कॉटिश सहकाऱ्यानं सांगितलेल्या मेन्झीजनं. त्याच्या गावाकडे याचा उच्चार मिंगिस. जुन्या स्कॉट लिखाणात 'योख' नावाचं अक्षर असे, दिसायला थेट आपल्या ३ सारखं. त्याचा आवाज 'य' किंवा 'ग'च्या जवळचा. छापखाने आले तेव्हा खिळ्यांमध्ये हे अक्षर नसायचं, म्हणून दिसायला जवळचा झेड बसवला. तो बसला तो बसलाच. डॅल्झीलचं 'डीएल' होतं तेही त्यामुळेच.

मग त्यानं माझ्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं. "आणि हे काय?" ज्ञानदा. रोमनमध्ये ज्ञ कुठला असायला, म्हणून आपण डी-एन-वाय लिहितो. तीन आठवडे मी तिथे 'डिनायनाडा' होते आणि नवीन आहोत म्हणून निमूट 'ओ' देत होते. त्या दुपारी पहिल्यांदा सगळ्यांकडून 'द्न्या' म्हणवून घेतलं. आजोबांना बिल्ला वाचता येत नव्हता. त्यांनी नुसतं ऐकलं आणि सगळ्यांत बरं तेच म्हणाले!

तीनच्या सुमाराला यादीत खरोखरच एक मेन्झीज आलं. मी छाती पुढे काढून "मिंगिस!" म्हणून हाक दिली. शांतता. पुन्हा दिली. शेवटी कोपऱ्यातली एक मुलगी चाचरत म्हणाली, "मेन्झीज का? मी ऑस्ट्रेलियाची आहे, आमच्याकडे लिहिलंय तसंच म्हणतात."

आता मी थेंब घालतानाच विचारून ठेवते, हाक कशी मारू? आणि यादीत त्या नावासमोर पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहिते.