नाही जमलं, पण कुणाला?

दुभाष्याला जेवायला बसवतात, जेवू देत नाहीत. दोन्हीकडची माणसं घास गिळता गिळता बोलत राहतात आणि आपल्या वाटीतलं बोर्श्च थंड होतं.

उरलमधल्या एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसची स्वीकृती चाचणी होती. घेणारे आपल्याकडचे, तमिळ, पंजाबी, मराठी सगळेच, म्हणून रशियनचं इंग्रजी करायचं. दाब टिकेना. काटा उतरत गेला, सीलपाशी तेल झिरपायला लागलं. त्यांचे मुख्य अभियंता हात पुसत म्हणाले, ‘पेर्वी ब्लिन कोमम.’ ब्लिन म्हणजे त्यांचं धिरडं. पहिल्याचा गोळाच होतो. मी ‘टीदिंग ट्रबल’ म्हटलं, सगळे हसले.

माझ्या वहीत अशा वाक्प्रचारांना शब्द नसतात, खाली जाणारे बाण असतात. ब्लिनला एक: पुन्हा करू. ‘देला त्रुबा’ला दोन: काही खरं नाही. ‘नाक्रीलस मेद्निम ताझम’, म्हणजे तांब्याच्या घंगाळाखाली झाकलं गेलं, याला तीन बाण आणि आडवी रेघ. इंग्रजीत ‘डाउन द ड्रेन’ चालतं. कोशवाले मात्र तिन्हींपुढे ‘फेल्युअर’ लिहून मोकळे होतात. त्यांना एकदा चाचणीला उभं करायला हवं.

दुसऱ्यांदाही तेच. अभियंता एवढंच म्हणाले, ‘ने वीश्लो.’ नाही जमलं. कुणाला, ते वाक्यात नाहीच. मी म्हटलं, ‘इट डिडन्ट वर्क आउट.’

आमचे मॅनेजर लगेच म्हणाले, “मॅडम, प्रोटोकॉलमध्ये ‘सप्लायर फेल्ड’ लिहा.” प्रोटोकॉल म्हणजे चाचणीचा सह्यांचा कागद. त्या दोन शब्दांवर दंडाचं कलम लागणार होतं.

“ते तसं म्हणाले नाहीत, सर.”

“मशीन कुणाचं? मग फेल कोण झालं?”

तर्क बिनतोड. पण ‘मी ने स्प्रावीलिस’, आम्हाला झेपलं नाही, असं रशियनमध्ये सरळ म्हणता येतं, आणि त्या माणसाने ते मुद्दाम टाळलं होतं. मी हटून बसले. शेवटी ‘दाब टिकला नाही’ एवढं वर आलं आणि ‘सप्लायर फेल्ड’ खाली, खरेदीदाराचं म्हणणं म्हणून. सह्या झाल्या.

सह्या चालू असताना प्रेसखाली आडवा झालेला म्हातारा फिटर सीलकडे बघत तीन बाणांचं वाक्य पुटपुटला. त्या मशीनचं सगळ्यात जास्त कळत होतं ते त्यालाच. आणि माझे पैसे देत होते आमचे लोक.

“काय म्हणतोय तो?” मॅनेजरांनी विचारलं.

“घंगाळाबद्दल काहीतरी,” मी म्हणाले.