मागाच्या खोलीतला ओव्हन: आमची वाटचाल

मामंजींना शुगर निघाली, त्या आठवड्यात आमच्या घरातले डोनट बंद झाले. तोवर दर शनिवारी कॅम्पातून येताना ते नातवासाठी चार डोनट आणायचे आणि त्यातला एक स्वतः खायचे. मैद्याचा, तळलेला, वर पिठीसाखरेचा थर. डॉक्टरांनी नको म्हटल्यावर त्यांनी आणणंच सोडलं. माझा सहा वर्षांचा मुलगा मात्र पुढचे दोन-तीन शनिवार दारात उभा राहून त्यांच्या हातातली पिशवी बघायचा. ते बघवेना, म्हणून मी घरी करायला घेतले. त्यातूनच पुढे आमचा घरगुती डोनटांचा धंदा उभा राहिला.

बेळगावात वडगाव-शहापूरकडची घरं मागांची. आमच्याही पुढच्या खोलीत एकेकाळी माग होता. आज तिथे दोन ओटीजी, म्हणजे भाजायचे विजेचे ओव्हन आहेत, एक लांब टेबल आहे आणि भिंतीला पिठाचे डबे. तेव्हा मात्र एकच लहान ओव्हन होता, आणि डोनटचा साचा नव्हता. वाटीच्या मधे छोटी वाटी उपडी ठेवून मी पहिले डोनट भाजले. सासूबाईंनी एक हातात घेऊन बघितला. "वड्यागत दिसतंय की गं! तळलं न्हाईस तर वडा कसला?" म्हणाल्या. खाऊन झाल्यावर दुसरा घेतला, तेव्हा मला धीर आला.

पहिला महिना नुसत्या ओट्सच्या पिठावर गेला. ओट्समध्ये गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ फुगत नाही असं नाही, पण गार झालं की डोनट हातात घेताच भुगा होतो. शेवटी कणीक घातली आणि मिश्रण पंधरा मिनिटं झाकून ठेवायला लागले. ओट्स तेवढ्या वेळात पाणी पितात, मग तळाशी कच्चा चिकट थर राहत नाही. आजचं आमचं माप असं: ओट्सचं पीठ 120 ग्रॅम, कणीक 80, कुस्करलेली केळी 200, दही 100, चिरलेला गूळ 60, तेल 40 मिली, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा. बारा डोनट होतात. 180 अंशांवर चौदा मिनिटं. अंडं नाही.

केळी सालीवर काळे ठिपके आलेलीच हवीत. त्या वेळेपर्यंत केळ्यातल्या स्टार्चची साखर झालेली असते, म्हणून गूळ कमी लागतो. गाडीवाले अशी केळी स्वस्तात देतात. आमचा ठरलेला फळवाला दुपारी फोन करतो, "वैनी, तुमची केळी झाल्यात." गूळ हुक्केरी-संकेश्वरकडचा, काळपट. पिवळाधमक दिसणारा गूळ मी घेत नाही. रसायन घालून रंग उजळलेला असू शकतो, आणि काळपट गुळाला जी खमंग चव असते ती त्यात मला कधी मिळाली नाही.

मे महिन्यात खानापूर-जांबोटीकडून फणस येतात. बरका फणस पिठात मिसळायला, कारण त्याचा गर आपोआप रस होतो. काप्याचे गरे बारीक चिरून वर लावायला. आमच्या गिऱ्हाइकांना सगळ्यात आवडतो तो हाच डोनट, आणि वर्षातून जेमतेम पाच-सहा आठवडे मिळतो. नवरात्राच्या आसपास मार्केट यार्डात रताळ्यांच्या पोत्यांचे ढीग लागतात, तेव्हा उकडलेल्या रताळ्याचा करते. फळ नाही ते, ठाऊक आहे, पण आमच्या तालुक्याचं पीक आहे. उपासाला चालतो का, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगते की कणीक आहे, चालत नाही.

अननसाने मात्र रडवलं. एका शाळेच्या कार्यक्रमाची ऐंशी डोनटांची ऑर्डर होती. मी हौसेने ताजा अननस दह्यात कालवून ठेवला आणि तासाभराने भाजायला घेतला. सगळे कडू निघाले. अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते दह्यातली प्रथिनं तोडतं आणि कडवटपणा येतो. हे मला त्या रात्री अकरा वाजता वाचून कळलं. पहाटे तीनला उठून केळ्याचे ऐंशी केले. आता अननस आधी कढईत पाणी आटेपर्यंत शिजवते. उष्णतेने ते विकर निकामी होतं.

आमचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. वीज जाते, आणि सोडा घातलेलं पीठ वाट बघत बसत नाही. दुसरं म्हणजे बुरशी. फळाचा ओलावा आणि हवेतला ओलावा मिळून तिसऱ्या दिवशी डोनटवर पांढरे ठिपके दिसायचे. टिकवायचं रसायन घालायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी करतो, पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करत नाही, आणि 'दोन दिवसांत संपवा' हे लेबलवर ठळक छापतो. लेबल तीन भाषांत आहे. इंग्रजी, कन्नड आणि मराठी. आमच्या गल्लीत तिन्ही वाचणारे आहेत, आणि गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला घटक तिच्या भाषेत कळायलाच हवेत.

अन्नसुरक्षेची नोंदणी केली तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती, बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला. चौदा आकडी नंबर मिळाला तो दिवस सासूबाईंनी पेढे वाटून साजरा केला.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती. शहरातल्या एका दुकानाने आठवड्याला साठ डोनट मागितले. अट एकच, वर 'शुगर फ्री' आणि 'डायबेटिक स्पेशल' छापायचं. आमच्यासाठी साठ म्हणजे तेव्हा निम्मा धंदा होता. मी घरी वहीत हिशोब मांडला. एका डोनटात गूळ 5 ग्रॅम, शिवाय केळ्याची साखर. शंभर ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर 'शुगर फ्री' लिहिताच येत नाही. आणि गूळ म्हणजे साखरच. ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या तंतुमय घटकाचंही तसंच. कोलेस्टेरॉल उतरायला ते रोज 3 ग्रॅम पोटात जावं लागतं. आमच्या डोनटात ओट्स 10 ग्रॅम, म्हणजे बीटा-ग्लुकन अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. औषध म्हणून खायचे तर दिवसाला सात-आठ लागतील!

मी नाही म्हटलं. घरात त्यावरून दोन दिवस बोलणं झालं, हे खरं आहे. यजमान म्हणाले, सगळेच लिहितात. पण मामंजी समोर बसले होते. त्यांच्यासारखंच कोणी ते लेबल वाचून तीन खाणार होतं. आम्ही छापतो ते एवढंच: तळलेला नाही, मैदा नाही, एका डोनटात तेल 3 ग्रॅम, गूळ 5 ग्रॅम. मामंजी डॉक्टरांना विचारून अर्धा खातात, तोही जेवणात एक भाकरी कमी करून. उरलेला अर्धा नातू घेतो.

ती ऑर्डर गेली. पुढचे चार महिने ओढाताणीचे होते, दुसऱ्या ओटीजीचे पैसेही त्यामुळे लांबले. मग डबे घरोघर जायला लागले, टिळकवाडी, अनगोळ, खासबाग, आणि एका गिऱ्हाइकामुळे शनिवारी निपाणीलाही.

सध्या जांभळाचा प्रयोग चालू आहे. सोडा पडला की जांभळाचा रंग हिरवट-राखाडी होतो, बघून कोणी हात लावणार नाही. सोडा काढून नुसत्या बेकिंग पावडरवर केला, दही थोडं वाढवलं, तेव्हा गेल्या शुक्रवारी रंग टिकला. चव अजून तुरट आहे. खानापूरची जांभळं आणखी पंधरा दिवस मिळतील.