‘प्रोसेसर चालत नाही’ म्हणे! जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकायचा माझा अनुभव

आधी हे सांगतो, कोणी दुकानदार "सर, प्रोसेसर जुना हाय, ११ होतच नाही, नवं मशीन घेऊन टाका" म्हणला तर लगेच पाकीट काढू नका. मला लातुरात हेच ऐकवलं, वर बघायचे पैसे घेतले ते वेगळेच.

माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मशीनमधी आय फाइव्ह ७४००, म्हणजे सातवी पिढी, आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरांची यादी जवळपास आठवीपासून सुरू होते. बाकी मशीन टकाटक, एसएसडी आहे, ८ जीबी रॅम आहे. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आपल्या मशीनवर लोकांचे आधार, पासबुकं पडलेली असतात, म्हणून म्हणलं करूनच घ्यावं. फॉरमॅट मारायचा नव्हता, श्रीलिपी, डिजिटल सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर, प्रिंटर हे सगळं पीक विम्याच्या गर्दीत परत कोण बसवत बसंल.

मशीनवर ११ चालंल का ते तपासणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेकनी टीपीएम (मशीनमधली सुरक्षेची सोय, किल्ल्या सांभाळणारी) आणि प्रोसेसर दोन्हीवर फुली मारली. दुकानदारानी काय केलं, तर पेनड्राइव्हवरून बूट मारला, स्क्रीनवर आलं की हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही, कारण काही नाही, आणि त्यानी तेवढ्यावर हात वर केले. बायोस (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं सेटिंग) उघडून बघायचे सुद्धा कष्ट नाहीत राव!

मग पुण्याला भाचा असतो त्याला फोन लावला. तो म्हणला, "मामा, बूट करायचंच नाही. विंडोज १० चालू असतानाच विंडोज ११ ची आयएसओ फाईल (अख्खी इन्स्टॉल डिस्क एका फाईलमधी) डबल क्लिक करा अन् आतलं सेटअप चालवा. त्याच्या आधी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, एक नोंद घाला." हे ध्यानात ठेवा, कारण ती नोंद जुन्या विंडोजच्या रजिस्ट्रीत असते, पेनड्राइव्हवरून बूट केलं की तिला कोणी विचारतच नाही.

नोंद अशी: लोकल मशीन, सिस्टीम, सेटअप, त्यात मोसेटअप नावाचं फोल्डर (नसलं तर स्वतः बनवा), त्यात ३२ बिटचं डीवर्ड, नाव अलाउ अपग्रेड्स विथ अनसपोर्टेड टीपीएम ऑर सीपीयू, सगळं इंग्रजीत जोडून, मधी जागा सोडायची नाही, किंमत १. केलं. सेटअप चालवलं, परत नकार. रीस्टार्ट मारला, परत नकार. समोर गिऱ्हाईक "झालं का ओ माझं" करायलंय आणि मी त्या खिडकीकडं बघत बसलोय, डोकंच आउट झालं.

गोम अशी की ही नोंद प्रोसेसरला सूट देते, पण टीपीएम किमान १.२ तरी चालू लागतंच. आणि ते माझ्या मशीनमधी होतं, फक्त बंद होतं! बायोसमधी इंटेलवाल्यांना पीटीटी असं नाव दिसंल, एएमडीवाल्यांना एफटीपीएम, कुठं ॲडव्हान्स्डमधी असतं तर कुठं सिक्युरिटीत. ते चालू केलं, रनमधी टीपीएम डॉट एमएससी टाकून बघितलं तर २.० दाखवलं. मग सेटअपनी नुसता इशारा दिला, की अपडेट मिळायची हमी नाही, तो मान्य केला आणि पुढं सरसर झालं.

हां, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असंल तर बायोसला हात लावायच्या आधी रिकव्हरी की लिहून ठेवा. लाईटचा भरोसा नाही तर यूपीएसवरच करा. कोअर टू ड्युओवाल्यांनी नाद सोडा, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून एसएसई ४.२ (प्रोसेसरमधल्या आज्ञांचा एक संच) नसलेल्या प्रोसेसरवर ते चालूच होत नाही. नाही जमलं तर १० दिवसांत सेटिंगमधून माघारी जाता येतं, तवर विंडोज ओल्ड फोल्डर उडवू नका, जुनं विंडोज त्यातच असतं. आणि आयएसओ जुन्या विंडोजच्याच भाषेचं घ्या, यूएस इंग्रजी असंल तर यूएसच, नाहीतर फाईल अन् प्रोग्राम ठेवायचा पर्याय क्लिकच होत नाही.