स्लॅबचं घर आणि मे महिन्याची रात्र

मे महिन्यात गुहागरला गेलो की पहिली रात्र झोपेची नसतेच. जुनं चिऱ्याचं घर पाडून बाबांनी हौसेने स्लॅब टाकला, आता दिवसभर तापलेला तो स्लॅब रात्री बारापर्यंत खाली उष्णता सोडत बसतो आणि आम्ही फॅन पाचवर ठेवून कूस बदलत बसतो. शेजारच्या काकूंच्या कौलारू घरात मात्र मस्त झोप लागते!! कारण साधंय, कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, मधे माळा, आणि पडवीमुळे जांभ्याच्या जाड भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. पावसात तीच पडवी झड अडवते.

अर्थात कौलारूचं कौतुक करणाऱ्यांनी (म्हणजे मीच) दरवर्षी कौलं शाकारायला माणूस शोधून दाखवावा, वर माकडं आहेतच. म्हणून मला लॉरी बेकर या वास्तुरचनाकाराने केरळात भरपूर वापरलेला फिलर स्लॅब पटतो. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळ्या घेतात, तिथलं काँक्रीट तसं बिनकामाचं, मग त्या जागी जुनी मंगळुरी कौलं भरायची, सिमेंट वाचतं आणि कौलांत अडकलेली हवा उष्णताही अडवते. २०१८ च्या इको निवास संहितेत (घरांसाठीची केंद्राची ऊर्जाबचत नियमावली) तर छताची यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती आत येते त्याचं माप, १.२ च्या आत हवी असं आहे; हा आकडा जितका कमी तितकं घर थंड.

हे सांगितलं तर आमचा गवंडी हसला फक्त. स्लॅब काय आता पाडता येत नाही, गेल्या वर्षी वरून पांढरा चुना मारला तो पावसात धुऊन गेला. यंदा वर कौलांचं छप्परच घालू म्हणतोय, आईने जुनी कौलं गोठ्यामागे रचून ठेवलीयेत.