गोमटेश्वराच्या पायाशी एक मराठी ओळ आहे म्हणे

कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळला, गोमटेश्वराच्या (बाहुबलीच्या) मूर्तीच्या अभिषेकाला २०१८ ला गेलो होतो, त्यावर लिहीन लिहीन म्हणत इतकी वर्षं गेली. काल आज्जीनं परत विषय काढला म्हणून आत्ता बसलोय.

आमच्याकडं निपाणी-चिकोडी भागात जैन घरात महामस्तकाभिषेक, म्हणजे ह्या मूर्तीला डोक्यावरून घालतात तो मोठा अभिषेक, ही बारा वर्षांनी येणारी गोष्ट, ती चुकली की थेट पुढच्या बारा वर्षांनी. आज्जी १९८१ ला गेली होती. मूर्तीला हजार वर्षं झाली तेव्हाचा तो अभिषेक, इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली होती आणि आज्जीच्या म्हणण्याप्रमाणं त्यातलं एक तिच्या डोक्यावर पडलं. आमच्या घरात ह्यावर शंका घ्यायची नसते. १९९३ आणि २००६ दोन्ही राहिले, त्यामुळं ह्या वेळी तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, न्या नाहीतर मी एकटी एसटीनं जाईन.

माझं कारण वेगळं होतं खरं तर. शाळेत मराठीच्या सरांनी फळ्यावर लिहिलेलं, 'श्रीचावुण्डराजें करवियलें', म्हणजे ही मूर्ती चामुंडरायानं करवली, मराठीतलं पहिलं कोरलेलं वाक्य म्हणून. (आता रायगडमधल्या अक्षीचा शिलालेख आधीचा मानतात, वाद चालू आहे, असू दे.) गंमत म्हणजे तीच गोष्ट शेजारी कन्नडमध्ये पण कोरलीय, 'माडिसिदं' म्हणून. आमच्याकडं दुकानाच्या पाटीवरून भांडणं होतात आणि तिथं एकाच मूर्तीच्या पायाशी दोन्ही भाषा हजार वर्षं शेजारी बसलेल्या, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही चौदा जण, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग करत रात्रभर. १७ फेब्रुवारीला अभिषेक सुरू झालेला, १९ ला पंतप्रधान येऊन गेलेले, आम्ही त्यानंतर पोचलो तरी गर्दी कमी व्हायचं नाव नाही. गाडी लांब लावून चालत, तंबूंची अख्खी उपनगरं उभी केलेली, हिंदी, गुजराती, कन्नड, तमीळ आणि मध्येच कुठंतरी "ओ दादा, सांगलीचे काय?" एका पोलिसानं आज्जीला विचारलं, "एल्लिंद बंद्रि अज्जी?", कुठनं आलात, तर हिनं त्याला कन्नडमध्ये निपाणीपासून गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळं सांगितलं, मागची लाईन थांबलेली, आणि शेवटी त्यानंच तिला डोलीवाल्याकडं नेऊन सोडलं.

आम्ही चालत. सहाशेच्या वर पायऱ्या, सगळ्या खडकात खोदलेल्या, चपला खाली, ऊन वर. एकदा त्या लाईनीत शिरलं की आपण चढतच नाही, आपल्याला चढवतात.

वर पोचलो आणि ५८ फूट. फोटोत कळत नाही हो. एकाच दगडातली मूर्ती, पायांवर वेली, आणि मागं पत्र्या-पाइपांचा प्रचंड मचाण, तिथून आधी पाणी, मग नारळपाणी, उसाचा रस, दूध. दूध डोक्यावरून खांद्यावर, तिथून मांडीवर येईपर्यंत सगळे गप्प, आणि हळद सुरू झाली की एकदम आरडाओरडा, चेहरा पिवळा, मग चंदनानं लालसर. वाऱ्यानं हळदीचे शिंतोडे आमच्यावर. आज्जी मात्र गुळ्ळकायी आज्जीची गोष्ट सांगत बसलेली, चामुंडरायाचं एवढं दूध कमरेखाली उतरलं नाही आणि त्या म्हातारीच्या वाटीभर दुधानं पूर्ण अभिषेक झाला. तिची मूर्ती तिथं समोरच आहे, तिला हिनं दोनदा नमस्कार केला.

आणि माझी ओळ? पायाशी दूध-हळदीचा नुसता लोंढा, त्यात फुलं, त्यापुढं बांबूचे कठडे आणि स्वयंसेवक, "मुंदे होगि, आगे चलो." मी एकाला म्हटलं, तिथं मराठी लिहिलंय ते बघायचंय. तो म्हणाला, नाळे बा, उद्या ये. उद्या कुठला, सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून सगळे खाली पळालेले आणि रात्रीच गाडी निघणार होती.

आज्जीच्या पांढऱ्या साडीवरचा हळदीचा डाग तिनं काढू दिला नाही. काल म्हणाली, २०३० ला मी चौऱ्याऐंशीची, डोलीचे पैसे आत्तापासून बाजूला ठेव. आणि तू आधी एकदा गर्दी नसताना जाऊन तुझी ती ओळ वाचून ये, नाहीतर परत माझ्यापाशी रडशील.