पेट्रोल येतंय कुठून?

आमची बोट वॉटर स्कीइंगची, म्हणजे पाण्यावर स्कीवर उभ्या माणसाला दोरीनं ओढणारी. इंजिन बोटीच्या मधोमध बसवलेलं, ५.७ लिटरचं पेट्रोल व्ही-८, इंजेक्शनवालं. गोव्याकडून जुनी घेतली आणि कोल्हापुरात आणली. गेल्या हिवाळ्यात तिनं त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी थंड इंजिन बराच वेळ सेल्फ मारल्यावर कसंबसं चालू व्हायचं, आयडलिंगला मिसिंग, एक्झॉस्टमधून काळा धूर. गरम झालेलं इंजिन बंद करून चहा प्यायला बसलं की मग तर उठायचंच नाही. थ्रॉटलचा दांडा न्यूट्रलमध्ये पूर्ण पुढे ढकलून सेल्फ मारला तरच काळा ढग सोडत चालू व्हायचं. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना सेल्फ मारला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद ठेवतो आणि इंजिनात साठलेलं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. म्हणजे इंजिन फ्लड होत होतं, एवढं तिथंच कळलं.

मला घाई होती ती वेगळ्या कारणानं. स्कीवरचा माणूस पडला की पाण्यात असतो, एक्झॉस्टच्या मागे. मिक्स्चर रिच असलं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त झालं, की धुरातला कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि त्याला वास नसतो. आमच्याकडे शिकायला येणारी पोरं कॉलेजातली. तेव्हा दोष सापडेपर्यंत बोट पाण्यात घालायची नाही, असं ठरवून टाकलं.

कोल्हापुरात इंजिन म्हटलं की सल्ल्याला तोटा नाही. पहिला सल्ला सगळ्यांचा एकच: बोट समुद्रावरची, कोल्हापूर उंचावर, हवा विरळ, म्हणून रिच. यात तथ्य आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. कार्ब्युरेटर असता तर जेट बदलायचा विचार केलाही असता. पण तेवढ्या फरकानं प्लग काजळीनं माखत नाहीत, आणि इंजेक्शनच्या इंजिनात दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तो कॉम्प्युटरला बाहेरची हवा किती विरळ आहे ते सांगतो आणि पेट्रोल त्या मानानं कमी होतं. दुसरा सल्ला पेट्रोलचा. हल्ली पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते या जुन्या इंजिनाच्या रबराला मानवत नाही हे खरंच. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिक्स्चर रिच नाही, उलट लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, व्हायला हवं. आमच्या इंजिनाला ऑक्सिजन सेन्सर नाही, म्हणजे कॉम्प्युटर धूर बघून काही सुधारणार नाही. त्याला जे सेन्सर सांगतील तेच तो खरं मानणार.

बोट शिवाजी उद्यमनगरात एका ओळखीच्या शेडमध्ये ट्रेलरवरच ठेवली. ट्रेलरवर इंजिन चालवताना पाणी द्यावंच लागतं, नाहीतर पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर मिनिटभरात जळतो. दोनशे लिटरचा ड्रम भरून त्यातून पाइप लावला. चालू करण्याआधी दर वेळी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या जागेतली हवा बाहेर फेकणारा पंखा. बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साठते आणि एक ठिणगी पुरते. त्या चार मिनिटांत मी कुणाला चावीला हात लावू दिला नाही.

आठही प्लग काढून नंबरवार पाटावर मांडले. सगळे काळे. एकच काळा असता तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कॉइलची वायर पाहिली असती. सगळेच काळे म्हणजे कारण सगळ्यांना सामायिक. पण नीट पाहिलं तर मागच्या बाजूचे दोन नुसते काळे नाहीत, ओले. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही, पण वहीत लिहून ठेवलं.

मग सेन्सर. एका मित्राकडे लॅपटॉप आणि केबल होती. रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाची चावी फक्त ऑन केली. मॅप सेन्सर ९५ किलोपास्कल दाखवत होता, म्हणजे कोल्हापूरच्या हवेला बरोबर. पाण्याचं तापमान आणि शेडमधलं तापमान जवळजवळ सारखं. हा सेन्सर बिघडून इंजिन कायम थंडच आहे असं सांगत राहिला, तर कॉम्प्युटर कायम चोकसारखं पेट्रोल देत राहतो. पुष्कळ बोटींचा रोग तिथंच निघतो. आमचा धड होता. थर्मोस्टॅटही पातेल्यात पाणी तापवून पाहिला, ७१ अंशांच्या आसपास उघडला. फ्लेम अरेस्टर, म्हणजे बोटीतला हवेच्या फिल्टरच्या जागचा जाळीचा डबा, धुऊन घेतला. फरक शून्य.

पलीकडच्या गाळ्यात डिझेल पंप आणि इंजेक्टरचं काम करणारे एक काका आहेत. आख्ख्या उद्यमनगराचे ट्रॅक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांनी पेट्रोलचं काम करत नाही म्हणून सांगितलं, पण प्रेशर गेज घेऊन आले. "मिक्स्चर-बिक्स्चर राहू दे भावा. कॉम्प्युटर देतोय त्याच्यापेक्षा जास्त पेट्रोल आत जातंय. ते कुठनं जातंय, एवढंच बघायचं," म्हणाले.

फ्युएल रेलवर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीवर, गेज लावला, चावी ऑन. पंप दोन सेकंद घुमला आणि काटा ४०च्या पुढे गेला, आमच्या मॅन्युअलप्रमाणे ४३ पीएसआय हवं होतं. पंप थांबला आणि काटा उतरायला लागला. हा दाब निदान काही मिनिटं तरी टिकायला हवा. इथं नजरेसमोर खाली. काकांनी रिटर्नचा, म्हणजे जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप चिमट्यानं दाबून धरला. तरी उतरतच होता. म्हणजे पेट्रोल रिटर्नमधून टाकीकडे परत जात नव्हतं.

रेलच्या मागच्या टोकाला रेलमधला दाब ठरवणारा प्रेशर रेग्युलेटर. त्यातून एक बारीक रबरी नळी इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढायच्या वाटेत जाते. ती फक्त व्हॅक्यूमची, तिच्यात हवेशिवाय काही नसावं. काकांनी ती उपसली आणि माझ्या बोटावर टेकवली. पेट्रोल. परत चावी ऑन केली तसं रेग्युलेटरच्या तोटीतून थेंब थेंब यायला लागलं. आतला डायफ्राम, म्हणजे पेट्रोल आणि व्हॅक्यूम वेगळे ठेवणारा पडदा, फाटलेला. नळी इनटेकच्या मागच्या भागात, त्या दोन ओल्या सिलिंडरांच्या जवळ जोडलेली. वहीतल्या नोंदीचा अर्थ लागला. इंजिन चालू असताना व्हॅक्यूम त्या फाटक्या डायफ्राममधून पेट्रोल ओढत होता, कॉम्प्युटरला पत्ता नाही. आणि बंद केल्यावर रेलमधला दाब त्याच वाटेनं इनटेकमध्ये रिकामा व्हायचा. गरम इंजिन का उठत नव्हतं, आणि सकाळी रेल रिकामी असल्यामुळे का वेळ लागत होता, दोन्हीचं उत्तर एकाच नळीत.

बाजारात दिसायला अगदी तसाच गाडीचा रेग्युलेटर मिळत होता. तो मी घेतला नाही. दाब वेगळा असला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि बंद जागेतल्या पेट्रोलच्या इंजिनात बोटीचाच माल हवा, यावर मी ठाम आहे. स्टार्टर आणि अल्टरनेटरचंही तेच: बोटीचे असतात त्यांची ठिणगी बाहेर येत नाही, गाडीच्यांची येते. मुंबईहून मागवला, तोवर थांबलो.

दरम्यान ऑइलची पट्टी काढली तर पातळी खुणेच्या वर. वास घेतला, पेट्रोलचाच. एवढं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइल धुऊन काढतं आणि खाली उतरून ऑइल पाण्यासारखं पातळ करतं. त्यावर इंजिन रेस केलं तर बेअरिंगं जातात. नवीन रेग्युलेटर बसवण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदलला, थोडं चालवून पुन्हा एकदा बदलला. प्लगही नवे. खर्चात सगळ्यात जड ऑइलच गेलं.

नवा बसवल्यावर चावी ऑन: ४३. पंप थांबला, काटा जागेवर. इंजिन चालू केल्यावर व्हॅक्यूमची नळी काढली की दाब वर जातो, लावली की खाली येतो, तसाच झाला. नळी कोरडी.

परवानगी काढून पंचगंगेत राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या तुंबलेल्या पाण्यात घातली. पहिल्या सेल्फला चालू. भरपूर पळवून बंद केली, मुद्दाम पाऊण तास थांबलो, परत चालू केली. दांडा ढकलावा लागला नाही. परत आल्यावर प्लग काढले तर टोकं फिकट तपकिरी. टाकीपासून रेलपर्यंतचे रबरी पाइप त्याच वयाचे, ते पावसाळ्याआधी इथेनॉल चालणारे घालायचे आहेत. काकांनी गेज अजून परत मागितलेला नाही, म्हणून तो शेडमध्येच आहे. कुणाची बोट किंवा इंजेक्शनची जुनी गाडी असाच धूर टाकत असेल तर येऊन लावून बघा.